खडपकोंडचे पुसलेले आकडे

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, ओटीवर जमलेल्या माणसांसमोर, हैबती सकपाळांनी यंत्राची कळ सरकवली आणि पडद्यावर शून्य आलं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा शून्य.

“गेलं,” ते म्हणाले आणि यंत्र मांडीवर ठेवून दिलं.

प्रियदर्शिनी दळवी समोर डायरी उघडून बसल्या होत्या. पोलादपूरहून रिक्षा आणि पुढे पाऊण तासाचा चढ करून त्या वर आल्या होत्या. हुद्दा मंडळ अधिकारी, लोकांच्या तोंडी ‘सर्कल मॅडम’. निवृत्तीला सात महिने होते. उजवा गुडघा मात्र आधीच निवृत्त झाला होता. तहसीलदारांनी एवढंच सांगितलं होतं की गुरुवारी भूवैज्ञानिकांचं पथक येणार आहे, त्याआधी त्या म्हाताऱ्याकडचे डोंगराचे आकडे उतरवून आणा.

खडपकोंड ही बावीस घरांची वाडी. पाच पावसाळ्यांपूर्वी वरच्या उताराला भेग पडली तेव्हा सगळ्यांना खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं. त्याच पावसात महाडला हैबतीकाकांच्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि चाळीस वर्षांच्या सर्वेच्या वह्यांचा लगदा झाला. शर्टाच्या खिशात होता तेवढा हा खिशातला कॉम्प्युटर वाचला. पट्टीएवढा जपानी, एका ओळीचा पडदा, मुगाच्या दाण्याएवढी बटणं, ऐंशीच्या दशकात घेतलेला. काका वाडीत परतले, कोन मोजायची जुनी दुर्बीण काढली, भेगेजवळ तीन लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्या मोजायला लागले. कागदावरचा विश्वास उडाला होता, म्हणून आकडे फक्त यंत्रात. दर महिन्याला ते देवळापुढे येऊन दोनच शब्द बोलायचे: “हलत नाय.” त्या दोन शब्दांवर माणसं शेडमधून एकेक करून परत वर आली.

चहा आला. प्रियदर्शिनीबाईंनी विचारलं, निदान गेल्या महिन्याचा आकडा आठवतो का. काका नाही म्हणाले, वय झालं. मग विषय निघाला म्हणून रेल्वेच्या कामाचं सांगू लागले. चौऱ्याण्णव साली बोगद्याची दोन टोकं मध्ये भेटली ती अकरा मिलिमीटरच्या फरकानं.

“सेल कुणी बदलले?” मुरारी उतेकरांनी मध्येच विचारलं. मुंबईत तीस वर्षं नोकरी करून ते परतले होते आणि गेल्याच वर्षी वरच्या आळीत त्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं.

काकांची नात सेजल दाराशी उभी होती. कॉलेजच्या सुट्टीत आलेली. ती रडायला लागली.

२

रविवारी आजोबांनीच सांगितलं म्हणून तिनं सेल बदलले होते. पोलादपूरहून नवे आणले होते. एक काढून घातला, मग दुसरा, आजोबांनी सांगितलं होतं तसंच. पण दोन्ही एकदम निसटले असतील, आता तिला काहीच खात्रीनं सांगता येत नव्हतं. बनुबाई, तिची आजी, तिला जवळ घेऊन “उगी गो” एवढंच म्हणत होती.

मुरारींच्या मते विषय संपला होता. पोरीची चूक, टेन्शन घेऊ नका, काकांचा शब्द हाय तोच प्रूफ.

प्रियदर्शिनीबाईंनी यंत्र मागून घेतलं. काकांनी ते देताना हात जरा आखडला. पॉलिटेक्निकला असताना बाईंच्या सरांकडे असलंच एक यंत्र होतं आणि अख्खा वर्ग ते हाताळायला रांग लावायचा. तेव्हाचं बोटांना थोडं आठवत होतं. चार-पाच चुकीची बटणं दाबून झाल्यावर पडद्यावरून अक्षरं सरकू लागली. प्रोग्राम होते. यंत्राच्या स्मृतीतल्या पहिल्या खणात एक, सातव्या खणात एक. दोन्ही सारखेच दिसत होते, साइनची तीच गणितं. तरी त्यांनी सवयीनं दोन्ही ओळीनं डायरीत उतरवून घेतले.

यंत्र बंद करून त्यांनी डायरी मिटली. उन्हानं डोकं जड झालं होतं. हे प्रकरण सेलवर मिटलं असतं तर दुपारच्या गाडीनं त्या घरी गेल्या असत्या.

“सेजल, डोळे पूस,” त्या म्हणाल्या. “तू काही केलेलं नाहीस.”

मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. सेल एकदम निघाले तर यंत्र सगळंच विसरतं, प्रोग्रामसुद्धा. इथे प्रोग्राम जागेवर आहेत आणि फक्त साठवलेले आकडे गेलेत. त्यासाठी तीन अक्षरांची एक आज्ञा टाइप करावी लागते. ती चुकून दाबली जात नाही. कुणीतरी बसून, समजून-उमजून पुसलं आहे.

हे यंत्र चालवता कुणाकुणाला येतं, असं बाईंनी विचारलं.

“मला,” हैबतीकाका जमिनीकडे बघत म्हणाले. जरा थांबून त्यांनी दुसरं नाव घेतलं. “आन मैनाला.”

३

मैनाचं घर सगळ्यात वर, भेगेच्या सरळ खाली. नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन ती तिथंच राहिली होती. माहेर तुडीलचं, शिक्षण बारावी. काकांची नजर कमी झाली तेव्हापासून दर एक तारखेला ती त्यांच्यासोबत असायची. बाई पोचल्या तेव्हा ती मागच्या भिंतीला सिमेंट लावत होती. भिंतीला तिरपी चीर होती. तिसऱ्यांदा बुजवते, म्हणाली.

तिनं काही लपवलं नाही. देवळाच्या अंगणात दोन दगड पुरलेले आहेत. दोन्ही दगडांवर आळीपाळीनं दुर्बीण मांडून काका खुंट्यांचे कोन सांगतात, ती बटणं दाबते, खुंटी किती लांब ते यंत्र सांगतं. दोन दगडांमधलं अंतर म्हणजे बेस, तो प्रोग्राममध्ये आधीच भरलेला.

“छत्तीस मीटर पंचेचाळीस,” ती म्हणाली. “झोपेत विचारलं तरी सांगेन. वाडीत त्याच्याहून लांब सपाट जागाच नाय.”

प्रोग्राम लिहिता येतो का, या प्रश्नाला तिनं मान हलवली. काकांनी फक्त आकडे भरायला शिकवलं होतं. आकडे पुसायची आज्ञा तिला माहीत होती का? होती. चुकलं तर पुसायला लागायचं, म्हणून एकदा दाखवली होती.

हेही तिनं लपवलं नाही, याची बाईंनी मनात नोंद घेतली. मग जे विचारायचं ते विचारलं. खडपकोंडमध्ये खाली जायला तयार असलेली ती एकटीच होती. तिचे तीन अर्ज तहसील कार्यालयात पडून होते. डोंगर हलत नाही असं सांगणारे आकडे पथकाला मिळाले असते तर तिला इथंच राहावं लागलं असतं.

मैनानं थापी घमेल्यात ठेवली. “मला जायाचंच हाय, मॅडम. पोरी रात्री झोपत नायत. पण आकडे पुसून काय डोंगराला कळणार हाय? आणि ते आकडे काकांचे हायत. त्यांनी मला पोरीसारखं शिकवलं.”

बाईंना ते पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. त्या खाली उतरेपर्यंत बातमी पुढे गेली होती. मुरारी देवळाच्या पायरीवर चार माणसांना सांगत होते की हिला शेडमध्ये जायचंय म्हणून हिनं अख्ख्या वाडीचा पुरावा बुडवला. नळाला पाणी आलं होतं. बायकांची रांग होती. मैनाच्या थोरल्या मुलीची कळशी कुणीतरी रांगेतून उचलून बाजूला, गटाराच्या कडेला ठेवली होती. ती आठ-नऊ वर्षांची पोर कळशीशेजारी उभी होती आणि कुणालाच काही विचारत नव्हती.

४

महाडची एसटी यायला वेळ होता. पोलादपूरच्या स्टँडवर बाकावर बसून प्रियदर्शिनीबाईंनी डायरी उघडली. काकांचा शब्द लिहून घ्यावा, आकडे अनवधानाने नष्ट झाले असं कळवावं आणि सही करावी. पस्तीस वर्षांत अशा पुष्कळ सह्या झाल्या होत्या. पथक एक दिवस येईल, भेग बघेल, आणखी दोन वर्षं निरीक्षण ठेवा असं लिहील आणि जाईल. वाडी होती तिथंच राहील.

पण ती कळशी डोळ्यांपुढून जात नव्हती. म्हणून त्यांनी दोन्ही प्रोग्राम पुन्हा वाचले, एकाखाली एक बोट ठेवून.

पहिल्याच ओळीत फरक होता. पहिल्या खणात बेस छत्तीस पूर्णांक पंचेचाळीस. सातव्या खणात एकशे बारा पूर्णांक साठ. बाकी अक्षर न् अक्षर तेच.

एकशे बारा मीटर. वाडीत चाळीस मीटरसुद्धा सरळ सपाटी नव्हती. वाडीतून दिसणारी आणि वाडी दिसणारी एवढी लांब सपाट जागा एकच होती, ती म्हणजे नदीपलीकडची भातखाचरं.

बुधवारी सकाळी त्या वाडीत गेल्याच नाहीत. नदीवरचा साकव ओलांडून पलीकडे गेल्या. मे महिन्याची कोरडी खाचरं, भेगाळलेली. लांबलचक बांधाच्या एका टोकाला एक दगड सापडला, त्यावर छिन्नीनं कोरलेली फुली आणि फुलीत पिवळा रंग. दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा. दोन्ही दगडांभोवती मातीत तीन-तीन भोकं होती, दुर्बिणीच्या तिकाटण्याच्या टोकदार पायांची. भोकं नवी होती, कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

बांधापलीकडे एक बाई करवंदं तोडत होती. जवळ गेल्यावर कळलं, बनुबाई होत्या.

त्यांना वाटलं सर्कल मॅडम वाट चुकल्या. दगडांचं विचारल्यावर त्यांनी सहज सांगितलं. आमचा म्हातारा इथं दोनदा येऊन गेला, एकदा गेल्या जेठात आणि एकदा या वैशाखात. मैनाला नको म्हणाला. दुर्बिणीची पेटी माझ्याच डोक्यावर दिली.

“गेल्या साली मोजून झाल्यावर भाकर खाल्लीन,” बनुबाई म्हणाल्या. “औंदा नाय खाल्लीन. जाताना साकवापाशी बसला तो तासभर उठला नाय. मी इचारलं काय व्हतंय. तर म्हणाला, बने, आपून कुठं उभं हाव तेच मी बघितलं नाय.”

५

हैबतीकाका ओटीवर एकटेच होते. सेजल खाली दुकानात गेली होती. बाई समोर बसल्या, गुडघा हातानं उचलून सरळ केला आणि डायरी त्यांच्यापुढे ठेवली. दोन ओळींखाली रेघा मारल्या होत्या.

काकांनी चष्मा वर करून बघितलं. “तुमास्नी हे वाचता येतं व्हय,” ते म्हणाले. आवाजात आश्चर्यापेक्षा सुटल्यासारखं काहीतरी होतं.

बाईंनी घाई केली नाही. सेलनं काही गेलेलं नाही. मैनाला बटणं माहीत आहेत, आज्ञाही माहीत आहे, पण तिला एकच बेस माहीत आहे. दुसऱ्या बेसचा प्रोग्राम जो लिहू शकतो त्यानंच तो लिहिला. नदीपलीकडे त्यानं दोनदा मोजलं, मधे एक पावसाळा गेला. ते आकडेही यंत्रात असणार आणि तेही पुसले गेलेत. मैनाला ते आहेत हेच ठाऊक नव्हतं. आणि बत्तीस वर्षांपूर्वीच्या बोगद्याचे मिलिमीटर सांगणारा माणूस गेल्या महिन्याचा आकडा विसरत नाही.

अंगणात कोंबडी माती उकरत होती, काका तिकडे बघत राहिले.

“काका, काल मैनाच्या पोरीची कळशी रांगेतून बाहेर काढली.”

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी एकदम मान वळवली आणि तोंडावर पंजा ठेवला.

“दगड सरकला, बाय,” ते म्हणाले. “देवळातल्या ज्या दगडांवर दुर्बीण मांडून मी डोंगर मोजला, ते दगडच डोंगरासंगं खाली येत व्हते. खुंट्या आल्या, देऊळ आलं, घरं आली, मी आलो. सगळी एकदम. मग त्यांच्यातलं अंतर कसं बदलणार? मी सांगत सुटलो, हलत नाय.”

“पलीकडून कधी ताडून बघितलं नव्हतं?”

“ते तर पयल्या दिवशी करायचं असतं. साखळी धरणाऱ्या चेनमनला पण ठाव असतं. गुडघे दुखत व्हते, साकव लांब व्हता. आज जाऊ, उद्या जाऊ. चार वर्षं गेली.” त्यांनी श्वास घेतला. “गेल्या जूनला गेलो. औंदा परत गेलो. अकरा महिन्यांत सव्वीस सेंटिमीटर. अख्खी वाडी.”

मुरारीनं घर बांधण्याआधी त्यांना विचारलं होतं. बाकीचे त्यांच्या शब्दावर वर आले होते. पथकाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला. खोटे आकडे ठेवले तर सरकारी माणसं त्यावर विश्वास ठेवणार. खरे ठेवले तर खोटे उघडे पडणार. म्हणून दोन्ही पुसले. प्रोग्राम पुसायला हात धजावला नाही, त्यातलं गणित त्यांनी स्वतः तरुणपणी बसवलेलं होतं. सेजलला सेल बदलायला लावले ते मुद्दामच.

“पोर रडली तवा मी गप बसलो. मैनाचं नाव मीच घेतलं. ते पण लिवा.”

प्रियदर्शिनीबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना फक्त फार थकल्यासारखं वाटलं आणि समोरचा माणूस आपल्याहूनही थकलेला आहे एवढं दिसलं.

“आकडे तोंडपाठ असतील,” त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. नदीपलीकडचे दोन्ही वेळचे सगळे कोन, अंश, मिनिटं, सेकंद. बाई लिहीत गेल्या. एकदाही ते अडखळले नाहीत.

६

गुरुवारी देवळाच्या अंगणात पथकासमोर आणि वाडीसमोर काकांनी ते उभं राहून सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आधी सेजलकडे, मग मैनाकडे बघून म्हणाले की या दोघींचा काही संबंध नाही, आकडे मी पुसले. मग का पुसले ते सांगितलं.

मुरारींनी शेवटी विचारलं, “घर बांधताना तुला इचारलं व्हतं ना?”

“इचारलं व्हतंस.”

“काय सांगितलंस?”

“हलत नाय.”

मुरारी उठले आणि निघून गेले.

पथकानं पलीकडच्या बांधावरून स्वतः मोजलं आणि काकांचे आकडे बरोबर ठरवले. पावसाआधी वाडी रिकामी करायचा आदेश निघाला. जूनमध्ये एकवीस घरं खाली शेडमध्ये आली. शेड गळत होत्या, चूल पेटत नव्हती, गुरांना जागा नव्हती. डोंगर तसाच उभा होता. त्यावरून माणसं काकांना बोलायची आणि काका ऐकून घ्यायचे. मैनाची शेड त्यांच्या शेजारीच होती. तिच्याशी कुणी माफीचं बोललं नाही. फक्त नळावर तिच्या मुलीला पुढे घ्यायला लागले.

मुरारी वरच राहिले. म्हातारा एकदा खोटं बोलला, दुसऱ्यांदा खरं बोलतोय कशावरून, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी दोन नोटिसा दिल्या. तिसरी घेऊन त्या ऑगस्टात गेल्या, उघडीप पडली होती त्या दिवशी. मुरारींनी नोटीस न वाचता घडी घातली. मला दाखवा म्हणाले. कागद नको, डोळ्यांनी दाखवा.

तर बाई, मुरारी, काका आणि मैना, चौघं पलीकडे गेले. काकांनी पिवळ्या फुलीवर दुर्बीण मांडली. जूनमध्ये त्यांनी प्रत्येक घराच्या एका कोपऱ्याचा कोन घेऊन ठेवला होता. मैनानं यंत्रातून मुरारींच्या घराचा आकडा वाचला, काकांनी स्क्रू फिरवून दुर्बीण बरोबर त्या आकड्यावर आणली आणि ते बाजूला झाले.

“बघ. तुझ्या स्लॅबचा कोपरा भिंगातल्या फुलीवर पाहिजे.”

मुरारी वाकले. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग ताठ झाले, शर्टाच्या बाहीनं डोळा पुसला आणि परत बघितलं. बाईंनीही नंतर बघितलं. घर नवंकोरं, निळा रंग, गच्चीत वाळत घातलेलं धोतर. कोपरा फुलीवर नव्हता. फुलीच्या खाली, जरा डावीकडे होता.

नदीला पाणी खूप होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“दरवाजे सागवानी हायत,” मुरारी म्हणाले. “ते तरी काढून आणायला पायजेत.”

हैबतीकाकांनी दुर्बीण पेटीत ठेवली आणि कडी लावली.

“ऊन हाय तवर चल,” ते म्हणाले. “मी पण येतो.”